आर्मेनियाच्या विहीणबाईंचा आहेर

आमच्या घरी सून मीच आणली, असं मी सगळ्यांना सांगते. मुलगा म्हणतो, पसंत मी केली. त्याचं म्हणणं त्याच्या जागी ठीक आहे. पण माझा उजवा खांदा आखडला नसता, तर तो त्या क्लिनिकच्या पायऱ्या कधी चढलाच नसता.

मुलगा बालवाडीत जायच्याही आधी आम्ही कराडहून बहारीनला आलो. हे सित्र्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. कंपनीची बस त्यांना उजाडायच्या आत घेऊन जायची आणि दुपार कलल्यावर आणून सोडायची. मधल्या वेळात करायचं काय, म्हणून मी हमद टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिलाई मशीन मांडलं. आता आसपासच्या राउंडअबाउटांवर, म्हणजे इथले पत्ते ज्या गोल चौकांवरून सांगतात तिथं, राहणाऱ्या ज्या कुणा मराठी, गुजराती, केरळी बाईला अंगावर नीट बसणारा ब्लाउज हवा असतो, ती माझ्याकडे येते. गळ्याला, बाहीला भरतकामही मी हातानंच करते. ते मी शाळेत असताना कराडच्या एका बाईंच्या क्लासात शिकले आणि त्यानंतर कधी सोडलं नाही. मी कात्री हातात घेतली की कापडाला माझं ऐकावं लागतं. ही बढाई नाही. ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

तर तोच हात वर जाईना. वेणी घालता येईना, कपाटातला वरचा डबा काढता येईना आणि गाडीचं स्टिअरिंग तर नाहीच नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. तिथं ही मुलगी होती. उंच, जाड काळ्या भुवयांची, केस घट्ट मागे बांधलेले. माझा हात धरून ती असा वळवायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि वर शांतपणे विचारायची, “काल घरी व्यायाम केला नाहीत ना?” ती इंग्रजीत बोलायची, मी माझ्या इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं छान जमायचं.

एकदा तिची नजर माझ्या ब्लाउजच्या बाहीवर गेली. बाहीला सिंधी टाक्याची पट्टी होती. सिंधी टाका म्हणजे आधी धाग्यांचा सांगाडा घालायचा आणि मग त्यातून सुई वरखाली विणत न्यायची. कापडाला सुई फारशी शिवतच नाही, धागा धाग्यातच गुंफत जातो. तिनं बाही दोन बोटांत धरली आणि विचारलं, “हे कुठून घेतलंत?”

“घेतलं नाही. मी केलंय.”

“माझी आई हेच करते,” ती म्हणाली.

मला वाटलं, असेल काहीतरी तसलंच. ती आर्मेनियातल्या ग्युमरी नावाच्या गावची. तेव्हा मला आर्मेनिया नकाशावर बोट ठेवून दाखवता आला नसता. डोंगराळ, थंड देश आहे एवढं तिनंच सांगितलं. मुलगा हिद्दला बंदराजवळ एका कंपनीत आहे. तो मला सोडायला आणि न्यायला यायचा, तेवढ्यात या दोघांची ओळख झाली. माझा खांदा सुधारल्यावरही हा त्या बाजूला जात राहिला, तेव्हा मला कळायला हवं ते कळलं.

एका शुक्रवारी सकाळी सगळे घरी असताना, पोहे खाता खाता त्यानं सांगून टाकलं. ह्यांनी चमचा ताटलीत ठेवला आणि बराच विचार करून विचारलं, “त्यांच्यात जेवायला काय असतं?”

“बाबा, सीरियसली?” मुलगा म्हणाला. तो आमचं सगळं मराठी समजून घेतो आणि उत्तर इंग्रजीत देतो.

मी एवढंच विचारलं, “तिच्या आईला सांगितलंय का?”

वडील नव्हते. ती लहान असतानाच गेले होते. आईनं हातकामावर घर चालवलं होतं. गावातल्या आणखी काही बायकांना जमवून ती सुईची लेस, भरतकाम, लोकरीचं विणकाम, चांदीच्या तारेचं काम करायची, उन्हाळ्यात डोंगरावरून चहाच्या वनस्पती आणून वाळवायची आणि पेठेत, जत्रेत विकायची. ते ऐकलं आणि मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. सुईवर घर चालवणारी बाई मला कळते.

साखरपुडा बहारीनमध्येच करायचं ठरलं. माझ्या मोठ्या नणंदबाई कराडहून आल्या. आमच्या घरातलं कुठलंही कार्य वन्संशिवाय होत नाही, आणि त्यांच्या परीक्षेला उतरल्याशिवाय तर नाहीच. आल्या आल्या पाय धुतले आणि विचारलं, “मुलीकडचे मानपान कसा करणार? आहेरात काय काय आहे?”

“त्यांच्याकडे तसली रीत नसते, वन्सं.”

“रीत सगळीकडे असते. नाव वेगळं असतं.”

हे मात्र त्यांचं खरं निघालं. विहीणबाई शारजाला विमान बदलून आल्या, त्या एवढी मोठी बॅग घेऊन, की मुलाला ती गाडीतून उतरवताना वॉचमनला हाक मारावी लागली. बाई माझ्याच वयाच्या. आखूड करडे केस, काळा साधा ड्रेस, हात मात्र चांगले रुंद आणि खरखरीत. दारातच त्यांनी मला दोन्ही गालांवर मुके दिले आणि म्हणाल्या, “ख्नामी जान.”

हे मागे उभे होते, ते दचकलेच. मुलीनं हसत समजावलं की ख्नामी म्हणजे विहीण, व्याही, ज्यांच्या घराशी सोयरीक झाली ती माणसं. आणि जान म्हणजे आपल्यासारखंच, लाडानं. विहिणीला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे हे ऐकून वन्संनाही बरं वाटलेलं दिसलं. इंग्रजीत कुठे आहे असा शब्द?

विहीणबाईंना आर्मेनियन आणि रशियन येत होतं. मला मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचं पोहोचवायची. पण त्या दिवशी दुपारी तिला क्लिनिकला जावं लागलं आणि आम्ही तिघीच घरात उरलो. विहीणबाईंनी थोडा वेळ चहा घेतला, खिडकीतून बाहेरचा राउंडअबाउट बघितला, मग उठून बॅग हॉलच्या मधोमध आडवी केली आणि उघडली.

आधी निघाल्या कापडी पिशव्या. एकेक उघडून त्यांनी माझ्या नाकाशी धरली. एकीत पुदिना, एकीत वाळलेली रानगुलाबाची लालबुंद फळं, आणि एकीत बारीक जांभळी फुलं आणि काड्या. ती शेवटची हुंगली आणि मी ती वन्संच्या पुढे केली.

“हा तर ओवा,” वन्सं म्हणाल्या.

ओवा नव्हता, पण वास अगदी तोच. डोंगरावर उगवणारी ती वनस्पती त्यांच्याकडे घरोघरी चहासारखी उकळतात. मग मऊ कागदात गुंडाळलेली चांदी निघाली. केसासारख्या बारीक तारेनं विणलेली डाळिंबं, कानातली आणि गळ्यातली. मग लोकरीचा लाल-निळा लांब पट्टा, टेबलावर अंथरायचा, त्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी नक्षी. आणि मग लेस. लहान-मोठ्या गोल जाळ्या, नुसत्या सुईनं एकेक गाठ मारत केलेल्या. क्रोशाची सुई नाही, विणकामाच्या काड्या नाहीत, काही नाही. त्यातली एक चांगली ताटाएवढी होती. सगळ्यात खाली एक उशीचा अभ्रा, गडद जांभळ्या कापडावर सोनेरी धाग्यानं भरलेला.

तो बघितला आणि मी उठलेच. सिंधी टाका. तोच सांगाडा, तीच गुंफण, आठ पाकळ्यांचं तेच फूल. आत गेले आणि कपाटातून माझ्या लग्नाआधी भरलेला अभ्रा घेऊन आले. तो त्यांच्या हातात दिला, त्यांचा मी घेतला. आणि दोघींनी एकदमच कापड उलटं करून मागची बाजू पाहिली. भरतकाम करणारी बाई पुढून कधी बघत नाही. गाठी कुठे मारल्यात, धागा कुठे ओढलाय, ते सगळं मागे लिहिलेलं असतं.

त्यांचं काम माझ्यापेक्षा घट्ट होतं. माझे रंग जास्त बरे होते. त्यांनी माझ्या एका फुलावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. तिथं धागा संपल्यावर मी जोड दिला होता, तो त्यांना सापडला. मीही त्यांच्या अभ्र्याचा कोपरा तपासला आणि एक सैल वेढा शोधून काढला. त्या खळखळून हसल्या. तासभर आम्ही तशाच बसलो होतो, बोटांनी दाखवत, माना हलवत. एकदा त्यांनी हातानं मोठा वळसा काढून विचारलं, हे तुमच्याकडे कुठून आलं? मी म्हटलं, “कच्छ. सिंध.” त्या म्हणाल्या, “माराश.” ते कुठे, हे मला नंतर मुलीनं सांगितलं. त्यांच्या पूर्वजांचं गाव, आता तुर्कस्तानात. कुणी कुणाकडून शिकलं ते ठाऊक नाही.

संध्याकाळी विहीणबाई पडल्या होत्या, तेव्हा वन्सं स्वयंपाकघरात आल्या.

“सोनं काहीच नाही?”

“नाही.”

“सुनेच्या अंगावर चांदी घालायची? आणि लोकांना काय सांगायचं, विहिणीनं पाला आणला पिशव्या भरून?”

“हो. तेच सांगायचं,” मी म्हटलं. “विकत आणलेलं काहीच नाही म्हणून सांगायचं. एवढं हातचं काम तुम्ही आपल्या घरातल्या कुठल्या लग्नात बघितलंत?”

वन्संनी चहाचा कप विसळायला घेतला. पण मी त्यांना ओळखते. उद्या साखरपुड्याच्या हॉलमध्ये चार बायका जमल्या की त्या ओठ मुडपून बसणार, आणि त्यावरून बाकीच्या काय ते समजणार. म्हणून मी ठरवलं की रुखवत मांडायचं. पूर्वी लग्नात मुलीकडची मंडळी मुलीच्या आणि तिच्या आईच्या हातचं सगळं एका टेबलावर मांडायची ना, तसं. विहीणबाईंचं काम झाकून ठेवण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या हॉलवर मी आधी गेले आणि दाराजवळच्या लांब टेबलावर पांढरी चादर घालून सगळं मांडलं. लोकरीचा पट्टा मधोमध, त्यावर जांभळा अभ्रा, दोन्ही बाजूंना लेस, चांदीची डाळिंबं काचेच्या वाटीत. चहाच्या पिशव्यांची तोंडं उघडून ठेवली, म्हणजे येणाऱ्याला वास यावा. जे दिसत होतं ते फार सुंदर दिसत होतं.

पाहुणे आले. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच, ह्यांच्या कामावरचे, मुलाचे मित्र. बायका टेबलाभोवती जमल्या. मी अंगठ्यांच्या ताटाची तयारी बघत होते. तेवढ्यात बँकेतल्या एका साहेबांच्या मिसेसनी ती ताटाएवढी लेस उचलली, उजेडाला धरली आणि शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंना इंग्रजीत विचारलं, “कितीला दिलीत ही?” दुसरी म्हणाली, “मला ती डाळिंबाची कानातली हवीत, विचारा ना त्यांना, आणखी आहेत का.”

आपल्या बायका वाईट नव्हत्या. कौतुकच करत होत्या. इथं अशा कार्यक्रमांत कोपऱ्यात कुणाचा ना कुणाचा साड्यांचा, इमिटेशन दागिन्यांचा स्टॉल असतोच. पण विहीणबाईंना इंग्रजीतलं एवढं नक्की येत होतं. बाजारात बसणाऱ्या बाईला ‘हाऊ मच’ कुठल्याही भाषेत कळतं.

मी वळून बघितलं तेव्हा त्या टेबलावरच्या वस्तू गोळा करत होत्या. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. एकेक लेस घडी करून, मऊ कागदात घालून, पिशवीत. चेहरा असा की कुणी जवळ जाऊ नये. मुलगी धावत आली, दोघी आपल्या भाषेत हळू बोलल्या. मग ती माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते.

“आई विचारतेय,” ती म्हणाली, “की तुम्हाला तिच्या भेटी नको असतील तर तसं सांगायचं होतं. लोकांपुढे विकायला का काढल्या?”

हॉलमध्ये गाणी चालू होती. मुलगा मित्रांमध्ये होता, त्याला काही पत्ता नव्हता. वन्सं खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. माझं डोकं मात्र ठिकाणावर होतं. गाणी बंद करायला सांगितली. मग मुलीला म्हटलं, “मी बोलते, तू तुझ्या आईला सांग. शब्दाला शब्द सांग.”

आणि मी मराठीतच बोलले, कारण मला जे म्हणायचं होतं ते माझ्या इंग्रजीत मावणारं नव्हतं. मुलगा पुढे येऊन इंग्रजीत करत गेला, मुलगी आर्मेनियनमध्ये.

“आमच्याकडे सोयरीक जुळते तेव्हा मुलीच्या आईच्या हातचं काम असं मांडतात. विकायला नाही, दाखवायला. या घरात कुठल्या आईची मुलगी येतेय ते सगळ्यांनी बघावं म्हणून. माझ्या लग्नात माझ्या आईच्या हातचं मांडलं होतं. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. पण मांडलं ते अभिमानानं मांडलं. यातली एकही वस्तू या घराबाहेर जाणार नाही. कुणी कितीही मागितली तरी.”

ते दोन भाषांतून फिरून विहीणबाईंपर्यंत पोहोचायला वेळ लागला. त्या ऐकत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. मुलीला त्यांनी एक प्रश्न विचारला.

“आई विचारतेय, तुमच्या आईनं काय केलं होतं?”

“मोत्यांचं तोरण,” मी म्हटलं. “आणि लोकरीची बदकं. बदकं चांगली नव्हती.”

मुलीनं ते सांगितलं. विहीणबाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं. बँकेतल्या मिसेस बिचाऱ्या लाजून पुढे आल्या आणि त्यांनी विहीणबाईंचे दोन्ही हात धरले. विहीणबाईंनी पिशवी उघडली आणि सगळं परत मांडायला घेतलं. माझ्या पद्धतीनं नाही, त्यांच्या. लेस त्यांनी सपाट न ठेवता वाटीवर घातली, म्हणजे खालून अंधार आणि वर नक्षी उठून दिसते. बरोबर होतं त्यांचं.

अंगठ्या झाल्या. मग मी ओटीचं ताट घेतलं. त्यांच्यासाठी हिरवी इरकल आणली होती, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आदल्या दिवशी वन्संनी हळू आवाजात म्हटलं होतं की त्या बाईंचा नवरा नाही, ओटी कशी भरणार. मी म्हटलं होतं, भरणार.

विहीणबाईंना पाटावर बसवलं. मुलीनं सांगितलं की पदर पसरायचा आणि त्यात घ्यायचं. पण त्यांच्या अंगावर काळा ड्रेस, पदर कुठून आणणार? त्यांनी इकडेतिकडे बघितलं, उठल्या, टेबलावरची ती मोठी लेस उचलली आणि मांडीवर पसरून दोन्ही हातांनी धरली. मी खण ठेवला, साडी ठेवली, नारळ ठेवला. मग ओंजळभर तांदूळ घातले. ते जाळीतून खाली गळायला लागले. मी घालतेय, ते गळतायत, त्या घाबरून हात जवळ घेतायत तर दुसऱ्या बाजूनं गळतायत. लहान मुलं हसायला लागली, मग सगळा हॉल हसायला लागला.

तेवढ्यात वन्सं आल्या. खाली वाकून त्यांनी आपल्या साडीचा पदर त्या लेसखाली धरला. “घाल आता,” मला म्हणाल्या. मी उरलेले तांदूळ घातले. काही विहीणबाईंच्या जाळीत अडकले, बाकीचे वन्संच्या पदरात पडले. मग वन्संनी स्वतः त्यांना कुंकू लावलं. मी लावणार होते, पण करंडा त्यांच्या हातात होता.

त्यानंतर विहीणबाई आठवडाभर राहिल्या. रोज सकाळी हे बसनं गेले की आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. त्यांनी मला सुईच्या लेसची गाठ शिकवायला घेतली. मला वाटलं, यात काय आहे. माझ्या हाताला कुठलाही टाका दोनदा दाखवावा लागत नाही. हा दाखवावा लागला. गाठ आधी सैल राहायची, मग एवढी घट्ट व्हायची की पुढची सुई शिरेना. त्या माझ्या हातातून सुई घ्यायच्या, उसवायच्या, परत द्यायच्या. “चे, ख्नामी जान,” म्हणायच्या. चे म्हणजे नाही, हे मी चांगलंच शिकले. वन्सं बाजूला बसून तो ओव्याच्या वासाचा चहा प्यायच्या, त्यात साखर घालून, जे विहीणबाईंना अजिबात पसंत नव्हतं. पण त्या दोघींचं एकमेकींना रागावणं वेगवेगळ्या भाषांत असल्यामुळे भांडण कधी झालं नाही. जायच्या आदल्या दिवशी माझी एक ओळ सरळ आली. विहीणबाईंनी ती निरखली, मान हलवली आणि म्हणाल्या, “खलास.” ‘झालं, पुरे’ अशा अर्थाचा हा अरबी शब्द त्यांनी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, उचलला होता.

लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं. आधी त्यांच्या चर्चमध्ये, मग कराडला. ग्युमरीला आम्ही गेलो तेव्हा तिथल्या थंडीनं माझी हाडं वाजली. खिडक्यांच्या आतल्या बाजूला बर्फ धरत होतं. परत आल्यावर मी बरेच दिवस विचार केला की त्यांना काय पाठवावं. साडी त्या नेसत नाहीत, सोनं घालत नाहीत. मग मी जुन्या सुती साड्या काढल्या, माझ्या आणि वन्संनी कराडहून पाठवलेल्या त्यांच्या, आणि गोधडी शिवायला घेतली. बहारीनच्या उकाड्यात, एसी लावून, मांडीवर गोधडी. हे म्हणाले, विकतचं ब्लँकेट धाडलं असतंस तर लवकर झालं असतं. मी सुईत पुढचा दोरा ओवला.

गोधडी पोहोचल्यावर त्यांचा फोटो आला. त्यांनी ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगली होती, त्यांच्याकडे गालिचा टांगतात तशी.

“तुझ्या आईला सांग, ती अंगावर घ्यायची असते,” मी सुनेला म्हटलं.

तिनं फोनवर सांगितलं. बराच वेळ पलीकडून बोलणं चालू होतं.

“काय म्हणतायत?”

“ती म्हणतेय, पांघरुणं घरात पुष्कळ आहेत.”

आता दिवाळीत आमच्याकडून कुणाला सुक्यामेव्याचे डबे जात नाहीत. उन्हाळा संपता संपता ग्युमरीहून पार्सल येतं. सून तिच्या आईशी आणि तिथल्या बायकांशी बोलून आधीच मागणी देते. बँकेतल्या मिसेसना त्यांची डाळिंबाची कानातली मिळाली, रीतसर मागवून. मशीनच्या टेबलावर आम्ही दोघी पाकिटं करतो, चहाची छोटी पिशवी, एक लेस, आणि माझ्या हातचा सिंधी टाक्याचा एक रुमाल. सून आता मराठी बोलते, थोडं अडखळत, पण माझ्या मुलापेक्षा बरं.

यंदा पाकिटांवर बांधायच्या दोऱ्यावरून आमचं जुंपलं. मला लाल हवा होता, तिला तागाचा.

“आई, लाल खूप जास्त होतं,” ती म्हणाली.

“दिवाळी आहे. जास्तच व्हायला पाहिजे.”

“चहा साधा आहे ना. दोरा पण साधा.”

शेवटी मी लाल बांधला. तिनं तिच्या वाटणीच्या पाकिटांना ताग बांधला. घरोघरी, कराडला वन्संकडेही, दोन्ही गेली. कुणाला कुठलं आवडलं ते विचारायचं नाही असं आम्ही ठरवलंय, पण मी वन्संना फोन करून विचारलंच. त्या म्हणाल्या, दोरा सोडून टाकला बाई, चहा कधी संपतोय याचीच काळजी आहे.